ताटातील सत्य आणि भरपाईचा बडगा

अमेरिकेतील साउथ डाकोटा राज्यातल्या एल्क पॉइंट या लहानशा गावी जून २०१७ मध्ये एक खटला उभा राहिला. वादी होती 'बीफ प्रॉडक्ट्स इन्कॉर्पोरेटेड' ही गोमांसावर प्रक्रिया करणारी कंपनी आणि प्रतिवादी होती 'एबीसी' ही देशव्यापी दूरचित्रवाहिनी. वाहिनीच्या बातम्यांमुळे आपला धंदा बुडाला, अशी कंपनीची तक्रार होती. त्या राज्याच्या कायद्यात तिप्पट भरपाईची तरतूद असल्याने मागणी ५.७ अब्ज डॉलरपर्यंत जाऊ शकणार होती. ज्यूरीने निर्णय देण्यापूर्वीच, २८ जून रोजी, दोन्ही पक्षांनी तडजोड केली. अटी गुप्त राहिल्या. तथापि, वाहिनीची मालक असलेल्या डिस्ने कंपनीने ऑगस्टमध्ये आपल्या तिमाही हिशेबात या खटल्यापोटी १७ कोटी ७० लाख डॉलरचा खर्च दाखविला. विम्यातून भागलेली रक्कम त्याहून वेगळी होती. वाहिनीने बातमी मागे घेतली नाही आणि क्षमाही मागितली नाही. बातमी खरी होती की खोटी, हे मात्र कोणत्याही न्यायालयाने सांगितले नाही. एवढा प्रचंड पैसा एका खिशातून दुसऱ्या खिशात गेला आणि सत्य जेथे होते तेथेच राहिले.

अन्नाच्या, विशेषतः मांसाच्या सुरक्षिततेविषयी वृत्तमाध्यमांनी प्रश्न विचारावा आणि त्या उद्योगाने उत्तरादाखल न्यायालयाची पायरी चढावी, ही परंपरा अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये गेली तीन दशके रुजली आहे. मांस खावे की खाऊ नये, हा येथे वादाचा विषय नाही. जो खातो त्याला आपण काय खातो हे कळण्याचा अधिकार आहे की नाही, आणि ते सांगणाऱ्याने किती मोठी किंमत मोजावी, हा खरा प्रश्न आहे. आज तो मांसाबद्दल विचारला जात असला, तरी उद्या दुधाबद्दल, तेलाबद्दल, मुलांच्या खाऊबद्दल तोच विचारला जाणार आहे. म्हणूनच या परदेशी खटल्यांकडे दूरच्या देशातील गंमत म्हणून पाहून चालणार नाही.

सफरचंदाने घातलेला पायंडा

या कहाणीची सुरुवात मांसापासून झाली नाही, ती झाली सफरचंदापासून. फेब्रुवारी १९८९ मध्ये 'सीबीएस' वाहिनीच्या 'सिक्स्टी मिनिट्स' या कार्यक्रमात सफरचंदांवर फवारल्या जाणाऱ्या 'अ‍ॅलार' या रसायनापासून कर्करोगाचा, विशेषतः मुलांना, धोका असल्याचे सांगण्यात आले. पाहता पाहता सफरचंदांचा बाजार कोसळला. वॉशिंग्टन राज्यातील बागायतदार न्यायालयात गेले. परंतु बदनामीचा प्रचलित कायदा त्यांच्या उपयोगी पडला नाही. कार्यक्रमातील विधाने असत्य असल्याचे सिद्ध करण्याचा भार बागायतदारांवर होता आणि तो त्यांना पेलला नाही. १९९३ मध्ये जिल्हा न्यायालयाने व १९९५ मध्ये अपील न्यायालयाने वाहिनीच्या बाजूने निर्णय दिला.

न्यायालयात हरलेल्यांनी मग विधिमंडळाचा दरवाजा ठोठावला. १९९१ मध्ये लुइझियानाने पहिला कायदा केला आणि काही वर्षांतच तेरा राज्यांनी अन्नपदार्थांच्या बदनामीविरुद्ध स्वतंत्र कायदे केले. व्यक्तीची अब्रू असते, संस्थेची असते, हे कायद्याला ठाऊक होते. आता बटाट्याला, सफरचंदाला आणि गोमांसाच्या तुकड्यालाही अब्रू प्राप्त झाली! कोलोरॅडोने तर हा फौजदारी अपराध ठरविला. टेक्सासने १९९५ मध्ये केलेल्या कायद्यात नाशवंत अन्नपदार्थ असुरक्षित असल्याचे जाणूनबुजून खोटे सांगणाऱ्यावर भरपाईचे उत्तरदायित्व टाकले. खोटे म्हणजे काय, हे ठरविताना विधानाला वाजवी व विश्वसनीय शास्त्रीय आधार होता काय, हे पाहायचे होते.

वाचताना यात वावगे काही वाटत नाही. शास्त्राचा आधार मागणे गैर कसे? पण मेख येथेच आहे. अन्नातील धोक्याची पहिली चाहूल लागते तेव्हा शास्त्र क्वचितच पूर्ण झालेले असते. पुरावा जमायला वर्षे लागतात आणि मधल्या काळात लोक रोज जेवत असतात. पुरावा पूर्ण होईपर्यंत गप्प बसा, असा नियम केला, तर ज्यांच्या शरीरावर तो पुरावा गोळा होणार त्यांनाच काही सांगायचे नाही, असा त्याचा अर्थ होतो.

ब्रिटनची दहा वर्षे

याचा दाखला इंग्लंडने जगाला दिला आहे. गाईंना वेड लावून मारणारा 'बीएसई' हा मेंदूचा रोग १९८६ मध्ये तेथे प्रथम ओळखला गेला. मेलेल्या जनावरांच्या मांस-हाडांची भुकटी गुरांच्याच खाद्यात मिसळली जात होती. गवत खाणाऱ्या प्राण्याला त्याच्याच जातीचे मांस चारण्याचा हा व्यवहार केवळ स्वस्त प्रथिनांसाठी चालला होता. १९८८ मध्ये त्यावर बंदी आली. पण गोमांस माणसाला निर्धोक आहे, असे सरकार सांगतच राहिले. मे १९९० मध्ये कृषिमंत्री जॉन गमर यांनी छायाचित्रकारांसमोर आपल्या चार वर्षांच्या मुलीला बर्गर भरविण्याचा प्रयत्न केला. मंत्र्याचे आश्वासन आणि बालिकेचा घास, याहून मोठा पुरावा जनतेला काय हवा होता?

२० मार्च १९९६ रोजी त्याच सरकारला संसदेत सांगावे लागले की, माणसांत आढळलेल्या मेंदूच्या एका नव्या प्राणघातक विकाराचा संबंध या गोमांसाशी असण्याची शक्यता सर्वाधिक आहे. त्या विकाराने ब्रिटनमध्ये १७८ माणसे मेली. त्यांत तरुणांचे प्रमाण मोठे होते. एक लाख ऐंशी हजारांहून अधिक गुरांना रोग झाल्याची नोंद झाली आणि चाळीस लाखांहून अधिक जनावरे मारून नष्ट करावी लागली. पुढे नेमलेल्या लॉर्ड फिलिप्स यांच्या चौकशी समितीने २००० साली दिलेल्या अहवालात सरकारी यंत्रणेला जाणवणारा धोका आणि जनतेला दिलेले दिलासे यांतील तफावत नेमकी दाखविली. लोक घाबरतील, या भीतीने लोकांना सांगितले गेले नाही आणि शेवटी लोकांचा विश्वासच उडाला.

१९८८ ते १९९६ या काळात एखाद्या ब्रिटिश वार्ताहराने हे मांस माणसाला मारू शकते असे ठामपणे लिहिले असते, तर त्याच्या हाती संपूर्ण शास्त्रीय पुरावा नव्हताच. टेक्सासच्या धर्तीचा कायदा तेथे असता, तर त्याला न्यायालयात खेचणे सोपे झाले असते आणि मंत्रिमहोदय त्याच्याविरुद्ध तज्ज्ञ साक्षीदार म्हणून शोभले असते!

अमरिलोची साक्ष

ब्रिटिश संसदेतील त्या निवेदनाला महिना उलटायच्या आत, १६ एप्रिल १९९६ रोजी, ओप्रा विन्फ्री यांच्या अमेरिकाभर पाहिल्या जाणाऱ्या कार्यक्रमात 'धोकादायक अन्न' हा विषय निघाला. मॉन्टाना राज्यातील हॉवर्ड लायमन हे पूर्वीचे गुरांचे व्यावसायिक. पुढे त्यांनी मांसाहारच सोडला होता. मेलेल्या गाई दळून गाईंनाच चारण्याची पद्धत अमेरिकेतही आहे, असे त्यांनी सांगितले आणि हा रोग येथे पसरला तर एड्सही त्यापुढे साध्या सर्दीसारखा वाटेल, अशी तुलना केली. विन्फ्री यांनी यापुढे आपण बर्गर खाणार नाही, असे प्रेक्षकांसमोर बोलून दाखविले. गुरांचे भाव गडगडले.

टेक्सासच्या अमरिलो शहरातील गुरांचे मोठे व्यावसायिक पॉल एंगलर व त्यांचे सहकारी न्यायालयात गेले. मागणी एक कोटी डॉलरहून अधिक भरपाईची होती. गुरांच्या धंद्यावर जगणाऱ्या त्या शहरातच १९९८ च्या जानेवारीत सुनावणी सुरू झाली. विन्फ्री यांना आपला कार्यक्रम शिकागोहून उचलून अमरिलोत आणावा लागला. दिवसा साक्ष आणि संध्याकाळी चित्रीकरण, असे कित्येक आठवडे चालले. न्यायाधीश मेरी लू रॉबिन्सन यांनी अन्न-बदनामीचा विशेष कायदा या प्रकरणाला लागू होत नाही, असा निर्णय दिला. उरला तो व्यवसायाच्या बदनामीचा सर्वसाधारण दावा. २६ फेब्रुवारी १९९८ रोजी ज्यूरीने विन्फ्री व लायमन यांच्या बाजूने कौल दिला. २००० साली अपील न्यायालयाने तो कायम केला. भाषेत अतिशयोक्ती असणे म्हणजे जाणूनबुजून खोटे बोलणे नव्हे, हा त्या निर्णयाचा आशय होता.

या विजयाचा जयजयकार खूप झाला. परंतु त्यातील एक गोष्ट सहज विसरली जाते. गुरांना गुरांचे अवशेष चारण्यावर अमेरिकी शासनाने ऑगस्ट १९९७ मध्ये, म्हणजे खटला उभा राहण्यापूर्वीच, बंदी घातली होती. ज्या पद्धतीकडे लायमन बोट दाखवीत होते, ती शासनालाही धोक्याची वाटली होती. डिसेंबर २००३ मध्ये वॉशिंग्टन राज्यात या रोगाची पहिली गाय सापडली. ती कॅनडातून आलेली होती आणि महामारी काही उसळली नाही. लायमन यांची एड्सशी केलेली तुलना वास्तवाच्या कितीतरी पुढे गेली होती, हेही मान्य केले पाहिजे. तथापि, रोग पसरला नाही याचे एक कारण ती बंदी होय, हे विसरून चालणार नाही. सावध केल्यामुळे संकट टळले की सावध करणाराच खोटा ठरविला जातो. पुराचा इशारा देणाऱ्याने बांध घालून घेतला आणि पाणी गावात शिरले नाही, म्हणून त्याच्यावर अफवा पसरविल्याचा आरोप करावा, तसा हा प्रकार आहे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. विन्फ्री जिंकल्या, कारण त्या लढू शकल्या. नामांकित वकिलांची फौज उभी करणे, महिन्याहून अधिक काळ परगावी मुक्काम ठोकणे, नंतर आणखी दोन वर्षे अपील लढविणे त्यांना परवडले. एखाद्या जिल्हा वृत्तपत्राच्या संपादकाला ते परवडेल काय? तो नोटीस वाचूनच लेख मागे घेईल. किंबहुना तो लेख लिहिणारच नाही. जिंकलेल्या खटल्यांची नोंद न्यायालयात राहते. न लिहिलेल्या लेखांची नोंद कोठेच राहत नाही. असल्या कायद्यांचे खरे यश या न लिहिलेल्या लेखांत आहे.

एका शब्दाचे मोल

येथवरची कहाणी माध्यमांच्या बाजूची वाटेल. परंतु एल्क पॉइंटचा खटला इतका सरळ नव्हता.

गोमांसाच्या चरबीयुक्त कातरणांना ऊब देऊन, यंत्रात वेगाने फिरवून त्यातील चरबी वेगळी करायची आणि उरलेल्या बारीक, कमी चरबीच्या मांसावर अमोनियाचा वायू सोडून घातक जिवाणू मारायचे, ही बीफ प्रॉडक्ट्सची पद्धत होती. हे मांस मग साध्या खिम्यात मिसळले जाई. शासनाने त्याला मान्यता दिली होती आणि वेष्टनावर वेगळा उल्लेख करण्याची सक्ती नव्हती. कृषी खात्यातील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ जेराल्ड झर्नस्टीन यांनी २००२ मध्ये एका अंतर्गत पत्रात या पदार्थाला 'गुलाबी चिखल' अशा अर्थाचे नाव दिले. २००९ मध्ये ते 'न्यूयॉर्क टाइम्स'मुळे जगापुढे आले. मार्च २०१२ मध्ये एबीसीने त्यावर बातम्यांची मालिकाच चालविली. कंपनीच्या म्हणण्यानुसार वाहिनीने आपल्या विविध माध्यमांतून ते नाव साडेतीनशेहून अधिक वेळा उच्चारले. मोठमोठ्या दुकान-साखळ्यांनी तो माल घेणे थांबविले. कंपनीच्या चारपैकी तीन कारखान्यांना टाळे लागले आणि सुमारे ७०० कामगार रस्त्यावर आले.

या सातशे कामगारांचा विचार करायला हवा. त्यांनी कोणाला फसविले नव्हते. ते ज्या पदार्थावर राबत होते, तो खाऊन कोणी दगावल्याचे त्या बातम्यांनीही म्हटले नव्हते. उलट अमोनियाची प्रक्रिया जिवाणू मारण्यासाठीच योजलेली होती आणि त्या भीतीमागे इतिहास होता. १९९३ मध्ये 'जॅक इन द बॉक्स' या उपाहारगृहांच्या साखळीतील कच्च्या राहिलेल्या बर्गरमधून ई. कोलाय जिवाणूची बाधा होऊन चार मुले मरण पावली होती आणि सातशेहून अधिक लोक आजारी पडले होते. किळसवाणे आणि घातक, या दोन भिन्न गोष्टी आहेत. किळस डोळ्यांना येते, घातकता प्रयोगशाळेत ठरते. एकच शब्द शेकडो वेळा उच्चारून पहिलीचा रंग दुसरीला चढविणे, ही पत्रकारिता म्हणता येत नाही. वाहिनी रोज तेच चित्र, तोच शब्द दाखवीत राहिली, तर प्रेक्षकाच्या मनात विषाची प्रतिमा उभी राहणारच. मग निवेदकाने अधूनमधून तो पदार्थ शासनमान्य आहे असे सांगितले, तरी त्याला अर्थ उरत नाही.

मात्र कंपनीलाही एक प्रश्न विचारला पाहिजे. हा पदार्थ इतका निर्धोक आणि चांगला होता, तर वेष्टनावर त्याचे नाव का नव्हते? ग्राहकाचा संताप अमोनियाइतकाच लपवाछपवीवर होता. खिमा म्हणून आपण जे वर्षानुवर्षे घरी नेले त्यात आणखी काही होते, हे त्याला दूरचित्रवाणीवरून कळले. जे वेष्टनावर छापले असते तर चार ओळींत संपले असते, ते दडविल्यामुळे चार अब्जांच्या पलीकडचा वाद झाले. आणि शासनाने यातून काय बोध घेतला? २०१८ च्या अखेरीस त्याने या पदार्थाला सरळ खिमा म्हणूनच विकण्याची परवानगी दिली. झाकण पुन्हा घट्ट बसले.

दोन डॉलर आणि तीनशे तेरा दिवस

उद्योगांनी आणखीही वाटा शोधल्या. नोव्हेंबर १९९२ मध्ये एबीसीच्या दोन वार्ताहरांनी खोटी माहिती देऊन 'फूड लायन' या दुकान-साखळीत नोकरी मिळविली आणि शिळे मांस धुऊन-पुसून, नव्या वेष्टनात घालून विकण्याचे प्रकार छुप्या कॅमेऱ्याने टिपल्याचा कार्यक्रम प्रसारित झाला. कंपनीने बदनामीचा दावा केलाच नाही. बदनामीचा दावा करायचा तर दाखविलेले खोटे आहे, हे सिद्ध करावे लागले असते. तिने वार्ताहरांच्या फसवणुकीवर आणि अनधिकृत प्रवेशावर खटला भरला. जानेवारी १९९७ मध्ये ज्यूरीने ५५ लाख डॉलरचा दंडात्मक आदेश दिला. न्यायाधीशांनी तो ३ लाख १५ हजारांवर आणला आणि १९९९ मध्ये अपील न्यायालयात शेवटी उरले ते दोन डॉलर. सात वर्षे चाललेल्या या खटल्यात मांस शिळे होते की ताजे, हा प्रश्न न्यायालयापुढे मुख्य प्रश्न म्हणून आलाच नाही.

ब्रिटनमध्ये 'मॅकडोनाल्ड्स'ने हेलन स्टील आणि डेव्ह मॉरिस या दोन सामान्य कार्यकर्त्यांवर एका पत्रकाबद्दल दावा लावला. तेथील कायद्यात प्रत्येक विधान खरे असल्याचे सिद्ध करण्याचा भार प्रतिवादीवर असतो. एक माळीकाम करणारी, दुसरा टपाल खात्यात पूर्वी काम केलेला. दोघांना शासकीय विधिसाहाय्य नाकारण्यात आले. ३१३ दिवस सुनावणी चालली. जून १९९७ च्या निर्णयात पत्रकातील अनेक आरोप, विशेषतः आरोग्याविषयीचे, सिद्ध झाले नाहीत. परंतु जाहिरातींतून मुलांचा गैरफायदा घेणे आणि जनावरांच्या क्रूर वागणुकीस जबाबदार असणे, हे आरोप न्यायमूर्तींनी खरे मानले. भरपाईची रक्कम ६० हजार पौंड ठरली आणि अपिलात ती ४० हजार झाली. कंपनीने ती कधी वसूल केली नाही. फेब्रुवारी २००५ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने निर्णय दिला की, विधिसाहाय्याविना या दोघांना न्याय्य सुनावणी मिळाली नाही आणि त्यांच्या अभिव्यक्तीच्या अधिकाराचाही भंग झाला. दावा लावला नसता तर ते पत्रक काही शेकडा हातांत गेले असते. दाव्याने ते जगभर पोहोचविले.

कॅमेऱ्याला घाबरणाऱ्यांनी मग कॅमेराच गुन्हा ठरविण्याचा मार्ग पत्करला. आयडाहोने २०१४ मध्ये पशुपालन केंद्रांत गुप्त चित्रीकरण करण्यावर बंदी घालणारा कायदा केला. पुढे संघीय न्यायालयांनी त्यातील चित्रीकरणाची बंदी घटनाबाह्य ठरविली. या छुप्या चित्रीकरणाचे मोल काय, हे त्याआधीच सिद्ध झाले होते. २००८ मध्ये कॅलिफोर्नियातील चिनो येथील कत्तलखान्यात उभ्याही न राहू शकणाऱ्या गाईंना यंत्राने ढकलले जात असल्याचे चित्रीकरण प्राणिहितासाठी काम करणाऱ्या एका संस्थेने जगापुढे आणले. त्यानंतर १४ कोटी ३० लाख पौंड गोमांस बाजारातून परत बोलवावे लागले. त्यातील बराच माल शाळांतील मुलांच्या जेवणासाठी गेला होता. शासनाचे निरीक्षक त्या कारखान्यात रोज हजर असत. कॅमेऱ्याने जे पाहिले ते त्यांना दिसले नव्हते.

याच देशाने १९०६ साली काय केले होते, हे आठवण्यासारखे आहे. अप्टन सिंक्लेअर यांच्या 'द जंगल' या कादंबरीने शिकागोच्या मांस-कारखान्यांतील घाण चव्हाट्यावर मांडली. तेव्हाही उद्योगाने कांगावा केला. परंतु राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी तपासनीस पाठविले आणि त्याच वर्षी मांस-तपासणीचा व शुद्ध अन्नाचा असे दोन कायदे झाले. तेव्हा टीकेचे उत्तर तपासणीने दिले गेले. नव्वद वर्षांनंतर त्याच देशातील तेरा राज्यांनी टीकेचे उत्तर टीकाकारावर खटला भरून देण्याची सोय केली.

आपल्या दारातील प्रश्न

भारतात अन्नपदार्थाच्या बदनामीचा असा स्वतंत्र कायदा नाही. तथापि, गरज पडल्यास आहे तो कायदा पुरेसा आहे. बदनामी हा येथे दिवाणी अपकृत्याबरोबरच फौजदारी गुन्हाही आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये तो कायम आहे. सत्य आणि लोकहित हे दोन्ही सिद्ध झाले तर बचाव मिळतो; पण तो सिद्ध करण्यासाठी आधी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागते. मुंबई उच्च न्यायालयात २०१९ साली एका खोबरेल तेलाच्या कंपनीने चित्रफितीतून त्या तेलावर टीका करणाऱ्या तरुणाविरुद्ध दावा केला. एकल न्यायमूर्तींनी चित्रफीत हटविण्याचा आदेश दिला आणि पुढे खंडपीठाने त्यात बदल करून काही अंश वगळता ती ठेवण्यास वाव दिला. २०२३ मध्ये मुलांच्या एका प्रसिद्ध पेयातील साखरेवर बोट ठेवणाऱ्या समाजमाध्यमी टीकाकाराने कंपनीची नोटीस येताच आपली चित्रफीत काढून घेतली. पुढच्याच वर्षी केंद्र सरकारने अशा पेयांना 'आरोग्यपेय' या वर्गात न दाखविण्याची सूचना विक्री-संकेतस्थळांना दिली. चित्रफीत गेली, मुद्दा मात्र राहिला आणि टिकला.

मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका वृत्तसंस्थेच्या प्रकरणात सांगितले की, खटल्याची पूर्ण सुनावणी होण्यापूर्वी लेखनावर मनाई आणणे हा अपवाद असावा, नियम नव्हे. या तत्त्वाचा आधार अन्नविषयक लेखनाला सर्वाधिक मिळायला हवा, कारण येथे मनाईची किंमत वाचकाच्या प्रकृतीने मोजली जाते.

या सगळ्याचा साकल्याने विचार करता तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, अन्नावरील टीका खोटी आहे हे सिद्ध करण्याचा भार ज्याच्याकडे कारखाना, प्रयोगशाळा आणि नोंदवह्या आहेत त्याच्यावर असावा. सामान्य टीकाकाराजवळ यांतले काहीच नसते. दुसरी, ही मोकळीक माध्यमांना फुकट मिळू नये. किळस म्हणजे धोका नव्हे. शक्यता म्हणजे निष्कर्ष नव्हे. दुसरी बाजू कापून टाकणे म्हणजे संपादन नव्हे. हा संयम ज्यांना पाळता येत नाही, ते खऱ्या इशाऱ्याची पतही घालवितात आणि निरपराध कामगारांच्या चुलीही विझवितात. तिसरी, सर्वांत साधी आणि सर्वांत टाळली जाणारी गोष्ट म्हणजे उघडपणा. पदार्थात काय आहे, तो कसा बनतो, तपासणीत काय आढळले, हे ज्या दिवशी वेष्टनावर आणि सरकारी दप्तरात कोणालाही वाचता येईल, त्या दिवशी छुप्या कॅमेऱ्याची गरज बरीच कमी होईल आणि वकिलांचे बरेच काम संपेल.

अब्रू ही मोठीच गोष्ट आहे. उद्योगाला ती असते, ती जपण्याचा त्याला अधिकारही आहे. परंतु अन्नाच्या धंद्यात अब्रू कमविण्याची जागा न्यायालय ही नव्हे. ती जागा स्वयंपाकघर आहे. ज्याच्या मालाला त्या उंबरठ्याच्या आत निर्धास्तपणे प्रवेश मिळतो, त्याला बातमीची भीती वाटण्याचे कारण नाही. आणि ज्याला प्रत्येक प्रश्नकर्त्यामागे नोटीस धाडावी लागते, त्याच्या डब्याचे झाकण ग्राहकाने अधिक काळजीने उघडावे, हेच बरे.